टाकाऊ कागद, कापड आणि बाटल्यांपासून मणी: नवशिक्यांसाठी सुरुवातीपासूनची कृती

घरात रोज साठणारे कागद, चिंध्या आणि रिकाम्या बाटल्या यांपासून गळ्यात घालावेत असे मणी सहज होतात. भट्टी नको, यंत्र नको. लागते ती मोजून कापण्याची सवय. नवशिक्यांचा सगळा जीव गुंडाळण्यात अडकलेला असतो. बोटं नीट वळत नाहीत म्हणून मणी वेडावाकडा होतो, असं त्यांना वाटतं. खरं तर मण्याची लांबी, जाडी आणि आकार हे सगळं पट्टी कापतानाच ठरून गेलेलं असतं. म्हणून या लेखात आखणीवर मी जास्त वेळ घालवणार आहे आणि तुम्हीही घालवावा, असं मनापासून सांगते.

सुरुवात कागदापासूनच करा. कागदाला उष्णता लागत नाही, धूर होत नाही आणि बिघडलेला मणी टाकून दुसरा घ्यायला काही वाटत नाही. पूर्व आफ्रिकेतल्या युगांडामध्ये तर असे कागदी मणी हा कितीतरी बायकांचा उदरनिर्वाह आहे. तिथल्या बायकांचे मणी जगभर विकण्यासाठी बीडफॉरलाइफ ही संस्था २००४ साली सुरू झाली. त्या माळा पाहिल्या तर त्या कागदाच्या आहेत हे सांगावं लागतं.

कोणता कागद घ्यायचा

गुळगुळीत, रंगीत छपाईची मासिकं आणि जाहिरातींची पत्रकं सगळ्यात चांगली. कागद पातळ असतो, घट्ट बसतो आणि रंग भरपूर मिळतात. भेटवस्तूंचे कागद, जुने नकाशे, पाठकोरे कागदही चालतात. वर्तमानपत्र मऊ असल्यामुळे डिंकाने लगेच भिजतं आणि फाटतं, शिवाय शाई हाताला लागते. ते लगद्यासाठी ठेवा. कॅलेंडरचा जाड कागद गुंडाळताना उलगडायला बघतो, पण मोठे मणी करायचे असतील तर हात बसल्यावर तो घ्यायला हरकत नाही.

दुकानातली बिलं मात्र घेऊ नका. त्यांचा कागद बहुधा उष्णतेने उमटणाऱ्या छपाईचा असतो. त्यावरचा रासायनिक थर उष्णतेने काळा पडतो, आणि अशा पुष्कळ कागदांत बिस्फेनॉल वर्गातली रसायनं असतात. अंगाला लागणाऱ्या दागिन्यात ती नकोत. घरच्या इंकजेट प्रिंटरवर छापलेल्या कागदाची वेगळी अडचण आहे: मण्यावर शेवटी पाण्यात मिसळणाऱ्या वॉर्निशचा लेप लागताच शाई फुटते. शंका असेल तर कोपऱ्यावर ओलं बोट फिरवून पाहा.

बाकी सामान थोडकं आहे: धातूची फूटपट्टी, टोकदार पेन्सिल, धारदार कात्री किंवा कटर, लाकूड-पुठ्ठा चिकटवायचा पांढरा डिंक, एक छोटा ब्रश, आणि गुंडाळायला काडी. काडीची जाडी म्हणजे मण्याच्या भोकाची जाडी. दात कोरायच्या काडीवर साधारण २ मिलिमीटरचं भोक मिळतं, बांबूच्या सळीवर किंवा विणकामाच्या बारीक सुईवर ३ मिलिमीटरच्या आसपास. पहिल्यांदा विणकामाची धातूची सुई घ्या. तिच्यावरून मणी चटकन निसटतो.

आखणी

मणी लांबट त्रिकोणी पट्टीचा होतो: एका बाजूला पाया, दुसऱ्या बाजूला टोक. पायाची रुंदी म्हणजे तयार मण्याची लांबी. पट्टीची लांबी म्हणजे मण्याचं पोट. एवढ्या दोन गोष्टी लक्षात ठेवल्या की कुठलाही मणी आधी मनात पाहून मग करता येतो.

ए-फोर आकाराचा कागद २१ सेंटिमीटर रुंद आणि २९.७ सेंटिमीटर लांब असतो. त्यावर आखणी अशी करा. खालच्या रुंद कडेवर शून्यापासून दर २ सेंटिमीटरला खूण करा: ०, २, ४, असं २० पर्यंत. वरच्या कडेवर १ पासून सुरुवात करून दर २ सेंटिमीटरला: १, ३, ५, असं २१ पर्यंत. आता खालचं ० वरच्या १ ला, वरचं १ खालच्या २ ला, खालचं २ वरच्या ३ ला, अशा नागमोडी रेषा शेवटपर्यंत जोडत जा. एक त्रिकोण सुलटा, एक उलटा अशा बरोबर २० पट्ट्या मिळतात, आणि वाया जातात फक्त दोन्ही कडांचे अर्धे तुकडे. प्रत्येक पट्टीचा मणी २ सेंटिमीटर लांब होईल. म्हणजे एका कागदात ४५ सेंटिमीटरची माळ जवळजवळ भरते, मध्ये बारीक मणी घातले तर उरतातही.

रेषा कागदाच्या मागच्या, म्हणजे आत जाणाऱ्या बाजूला काढा. कापताना फूटपट्टी घट्ट दाबून कटर एकाच हाताने, न थांबता ओढा. कात्री वापरत असाल तर कात्री स्थिर ठेवा आणि कागद पुढे सरकवा. मधेच कात्री मिटली की तिथे दाता पडतो, आणि तो दाता मण्यावर अगदी स्पष्ट दिसतो.

आता पोटाचा हिशेब. मासिकाच्या कागदाची ३० सेंटिमीटरची पट्टी मधोमध साधारण ६ ते ७ मिलिमीटर जाड मणी देते. पट्टी दुप्पट केली तर मणी दुप्पट जाड होईल, असं वाटणं साहजिक आहे, पण तसं होत नाही. बाहेरच्या प्रत्येक वेढ्याला आतल्यापेक्षा जास्त कागद लागत असल्यामुळे ६० सेंटिमीटरलासुद्धा मणी ९ मिलिमीटरच्या आतबाहेरच राहतो. तितका जाड हवा असेल तर आधी २ सेंटिमीटर रुंदीची सरळ पट्टी गुंडाळा आणि तिच्या शेवटाला त्रिकोणी पट्टीचा पाया चिकटवून पुढे चालू ठेवा.

आकार बदलायचा तर पट्टी बदला. सरळ पट्टीची नळी होते. टोक अणकुचीदार न ठेवता ४-५ मिलिमीटर रुंद ठेवलं की ढोलकीसारखा मणी मिळतो. काटकोन त्रिकोण कापून त्याची सरळ बाजू एकसारखी जुळवत गुंडाळली की एका अंगाला निमुळता शंकू होतो. कानातल्यांसाठी मला हा शंकू फार आवडतो.

रंग कुठून येतो

हे नीट समजून घेतलं तर तुमचे मणी इतरांपेक्षा वेगळे दिसतील. पट्टीवर छापलेलं चित्र मण्यावर दिसतच नाही. त्रिकोणी पट्टी गुंडाळताना वीस-बावीस वेढे बसतात, आणि प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यापेक्षा दोन्ही बाजूंनी जेमतेम अर्धा मिलिमीटर आत सरकतो. बाहेर राहतो तो एवढाच काठ. म्हणजे मण्यावर दिसतात त्या पट्टीच्या दोन्ही कडा, आणि अगदी मधोमध टोकाकडचे शेवटचे दोन सेंटिमीटर. एखादं सुंदर छायाचित्र कापून मणी केला आणि तो मातकट निघाला, असं होतं ते यामुळेच.

म्हणून पान निवडताना चित्र पाहू नका, रंगांचे पट्टे पाहा. निळ्यातून पांढऱ्यात जाणारं आकाश, गडद पार्श्वभूमी, ठळक अक्षरांच्या जाहिराती यांतून उत्तम मणी निघतात. साध्या पांढऱ्या कागदाचे मणी करायचे असतील तर कापलेल्या पट्टीच्या दोन्ही कडांवरून स्केचपेन फिरवा. कडेवर लावलेली ती बारीक रेघ गुंडाळल्यावर पूर्ण मणी रंगवते. टोकाकडचे २ सेंटिमीटर वेगळ्या रंगाचे केले तर पोटावर पट्टा उमटतो. मात्र स्केचपेनची शाई पाण्यात विरघळणारी असेल तर वरचा लेप पाण्याचा घेऊ नका.

गुंडाळणं

सुईला आधी मेणबत्तीचा तुकडा घासून घ्या, म्हणजे डिंक तिला धरणार नाही. पट्टीची रंगीत बाजू खाली ठेवा, पायाची कड सुईला समांतर लावा आणि पहिला वेढा डिंकाशिवाय घ्या. डिंक दुसऱ्या वेढ्यापासून, आणि तोही पट्टीवर पुसल्यासारखा, अगदी पातळ. डिंक बाहेर ओघळत असेल तर तो जास्त झाला. जास्त डिंकाने वेढे एकमेकांवरून घसरतात आणि मणी एका बाजूला दुर्बिणीसारखा लांबतो.

पट्टी दुसऱ्या हाताने हलकी ताणून धरा आणि सुई फिरवा, पट्टी नव्हे. नजर सतत दोन्ही कडांच्या अंतरावर ठेवा. डावीकडे जेवढी आधीच्या वेढ्याची कड दिसते तेवढीच उजवीकडे दिसली पाहिजे. फरक दिसला तर लगेच दोन वेढे उलगडा आणि सरळ करा. चूक पाच वेढ्यांनंतर सुधारायला गेलात तर ती सुधारत नाही, नुसती लपते. टोक आलं की त्यावर डिंकाचा ठिपका द्या, बोटाने दाबा आणि दहा आकडे होईपर्यंत धरा. मग मणी हलका पिळून सुईवरून सरकवा.

वाळवणं आणि लेप

मणी दात कोरायच्या काड्यांवर चढवा आणि काड्या थर्माकोलच्या तुकड्यात उभ्या खोचा. एकमेकांना लागू देऊ नका. एक रात्र तसेच राहू द्या. आत ओल असताना वर लेप दिला तर ती ओल बाहेर पडू शकत नाही, मणी मऊ राहतो आणि पुढे वेढे सुटतात.

लेपासाठी पाण्यात मिसळणारं पारदर्शक वॉर्निश सर्वांत सोयीचं. ते नसेल तर रंगहीन नेलपॉलिश चालतं, पण काही छपाईची शाई त्यात विरघळते. आधी एका टाकाऊ मण्यावर लावून पाहा आणि खिडकी उघडी ठेवा. एक जाड थर देण्यापेक्षा तीन पातळ थर द्या. प्रत्येक थर बोटाला चिकटेनासा झाला की पुढचा. पहिली काही मिनिटं काडी अधूनमधून फिरवत राहा, नाहीतर लेप खाली उतरून थेंब गोठतो.

दोन्ही टोकांच्या गोल चकत्यांवर लेप लावायला बहुतेक जण विसरतात. पाणी आणि घाम शिरतो तो तिथूनच, कारण तिथे कागदाच्या सगळ्या कापलेल्या कडा उघड्या असतात. पोटाला तीन थर दिले असतील तर टोकांना चार द्या. भोक बुजणार नाही याची काळजी घ्या. बुजलंच तर लेप ओला असतानाच सुईने मोकळं करा.

लगद्याचे मणी

अंड्यांचे कागदी ट्रे, वर्तमानपत्रं आणि कापताना उरलेले तुकडे यासाठी उत्तम. बारीक तुकडे करून एक दिवस पाण्यात भिजवा, कुस्करून किंवा मिक्सरमध्ये फिरवून लगदा करा आणि फडक्यातून घट्ट पिळा. एक वाटी पिळलेल्या लगद्याला दोन-तीन चमचे पांढरा डिंक घालून मळा. गोळा हाताला न चिकटता एकजीव व्हायला हवा. डिंकाऐवजी मैद्याची खळ वापरता येते, पण खळीला दमट हवेत बुरशी येते आणि कसर लागते. खळच वापरायची असेल तर शिजवताना तीत थोडी तुरटी घाला आणि मणी वाळल्यावर लेपाने पूर्ण बंद करा.

इथेही माप आधी. अंदाजाने चिमटे काढून गोळे वळले तर दोन मणी सारखे होत नाहीत. लगद्याची एकसारख्या जाडीची लांब वळी करा, फूटपट्टीजवळ ठेवून समान तुकडे पाडा आणि मग एकेक तुकडा तळहातावर गोल फिरवा. वाळताना मणी आटतो, म्हणून हवा त्यापेक्षा थोडा मोठा ठेवा. भोक लगेच पाडू नका, ओला गोळा चपटतो. दोन-तीन तासांनी वरून जरा आवळला की काडी फिरवत फिरवत आरपार घाला आणि काडीवरच राहू द्या. वाळवायचे सावलीत, तीन-चार दिवस. कडक उन्हात बाहेरचा भाग आधी आवळतो आणि मणी तडकतो. पूर्ण वाळला की बारीक पॉलिशपेपरने घासा, पांढऱ्या रंगाचा एक हात द्या आणि वर ॲक्रेलिक रंग. पांढरा हात दिला नाही तर वरचा रंग करड्या लगद्यात बुडून मळकट दिसतो.

कापडाचे मणी

विटलेल्या सुती कपड्यांच्या, ओढण्यांच्या, शिवणकामातून उरलेल्या चिंध्यांच्या पट्ट्या कागदासारख्याच गुंडाळायच्या. कापड जाड असल्याने १२ ते १५ सेंटिमीटर लांबी पुरते. आत आधार हवा असतो, त्यासाठी संपलेल्या बॉलपेनची रिकामी रिफिल किंवा जुन्या स्ट्रॉचा तुकडा मण्याच्या लांबीइतका कापून घ्या आणि कापड त्याच्यावर गुंडाळा. रिफिलमध्ये शाईचा अंश राहिला तर ती पुढे दोऱ्याला लागते, म्हणून स्पिरिटने आतून स्वच्छ धुवा. शेवट डिंकाने चिकटवून वरून रंगीत दोऱ्याचे पाच-सहा वेढे आवळा आणि निरगाठ मारा. जुन्या वायरीतली तांब्याची तार दोऱ्याच्या जागी सुरेख दिसते. तारेवरचं प्लॅस्टिक कटरने सोलून काढा, जाळून कधीही नाही. ते बहुधा पीव्हीसी असतं आणि जळताना त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा श्वासनलिका भाजणारा वायू निघतो.

बाटलीचे मणी

पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या पारदर्शक बाटल्या पीईटी या प्लॅस्टिकच्या असतात. तळाशी बाणांच्या त्रिकोणात १ हा आकडा पाहा. ही आकड्यांची पद्धत १९८८ सालापासूनची आहे. तापवायला फक्त १ आकड्याचीच बाटली घ्या. ३ म्हणजे पीव्हीसी आणि ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, या दोन्हींना घरात उष्णता दाखवू नका.

बाटली बनवताना हे प्लॅस्टिक गरम करून फुगवलेलं, ताणलेलं असतं आणि त्याच ताणलेल्या अवस्थेत थंड केलेलं असतं. साधारण ७५ अंश सेल्सियसच्या वर ते पुन्हा मऊ पडतं आणि कोंडलेला ताण सुटून आकसतं. मण्यासाठी आपण हेच वापरतो. मधलं अंग सर्वांत जास्त ताणलेलं असतं, म्हणून पट्ट्या तिथूनच कापा. तोंडाजवळचा जाड भाग नीट आकसत नाही.

पुष्कळ जण मेणबत्तीवर पट्टी धरतात. नवशिक्यांनी ते करू नये असं माझं स्पष्ट मत आहे: काजळी धरते, हात भाजतो आणि पट्टी ज्योतीत गेली की जळते. उकळतं पाणी पुरतं. १५ मिलिमीटर पायाची, १० ते १२ सेंटिमीटर लांब त्रिकोणी पट्टी धातूच्या सुईवर घट्ट गुंडाळा आणि बारीक तारेने दोन जागी बांधा. सुई पक्कडीत धरून उकळत्या पाण्यात अर्धा-एक मिनिट बुडवा, मग थेट गार पाण्यात. पट्टी सुईभोवती आवळलेली दिसेल. तार काढून कडांची धार पॉलिशपेपरने मोडा. कापलेलं प्लॅस्टिक मानेला बोचतं. भांडं स्वयंपाकाचं नको, वेगळं ठेवा. रंग द्यायचा असेल तर गुंडाळण्याआधी आतल्या बाजूला कायमस्वरूपी शाईचा मार्कर फिरवा, म्हणजे रंग प्लॅस्टिकच्या आत सुरक्षित राहतो.

काचेच्या बाटल्यांचेही मणी होतात. घानामधले क्रोबो लोक काचेची पूड मातीच्या साच्यात भरतात, मधोमध कसाव्याच्या पानाचा देठ उभा करतात आणि साचा भट्टीत घालतात. देठ जळून जातो आणि भोक उरतं. पण ते भट्टीचं आणि कसलेल्या हातांचं काम आहे. घरी काच कुटू नका; तिचे सूक्ष्म कण डोळ्यांत आणि छातीत जातात.

ओवणं

ओवण्याआधी सगळे मणी टेबलावर ओळीने मांडा आणि जाडीप्रमाणे लावा. जाड मधोमध, बारीक मानेकडे. कागदी मण्यांची माळ फार हलकी असते. घालायला ते सुखाचं असलं तरी हलकी माळ नीट लोंबत नाही, कॉलरवर चढते. मध्यभागी दोन-तीन जड मणी घाला: तुटलेल्या जुन्या माळेतले काचेचे, नाहीतर धातूचा एखादा वॉशर.

भोक ३ मिलिमीटरचं आणि शेजारचे मणी बारीक असतील तर बारीक मणी मोठ्याच्या पोटात शिरतो. भोकापेक्षा मोठा मणी मध्ये ठेवा किंवा दोऱ्याला गाठ द्या. माळेसाठी मेण लावलेला सुती दोरा किंवा नायलॉन घ्या. मनगटासाठी ०.८ ते १ मिलिमीटरचं इलॅस्टिक, पण ओवण्याआधी ते दोन-चार वेळा चांगलं ताणून घ्या, नाहीतर पहिल्याच आठवड्यात सैल पडतं. शेवटची गाठ दोनदा आवळा, तीवर डिंकाचा थेंब सोडा आणि वाळली की शेजारच्या मण्याच्या भोकात ओढून घ्या. हूक आणि कड्या विकत आणायची घाई नको, जुन्या तुटक्या दागिन्यांवरच्या सहज निघतात.

तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती हे मणी देऊ नका, ते घशात अडकू शकतात. माळ आंघोळीला आणि झोपताना काढून ठेवा. अत्तर आधी लावा, ते सुकलं की माळ घाला, कारण अत्तरातलं अल्कोहोल लेप मऊ करतं. मळली तर किंचित ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडी करा. एखाद्या मण्याचं टोक सुटलंच तर दात कोरायच्या काडीने आत डिंक सारून दाबून धरा आणि वाळल्यावर तेवढ्याच जागी लेपाचा एक हात द्या.